जुन्या ब्लॉकमध्ये नव्या पिढीचा कॅमशाफ्ट

फोर्डच्या जुन्या ३०२ (घन इंचांच्या व्ही८) इंजिनात मी पहिल्यांदा त्याच इंजिनाच्या नंतरच्या, जास्त ताकदीच्या ५.० एचओचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला, तेव्हा तो बेअरिंगांमधून इतका अलगद आत गेला की काम झालंच असं मला वाटलं. पाचही जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) बसली, शाफ्टला पुढंमागं सरकू न देणारी थ्रस्ट प्लेट बसली, चेन चढली, खुणा समोरासमोर आल्या. स्टार्टर मारला आणि कार्बोरेटरमधून ज्वाळ बाहेर आली. पुन्हा मारला, पुन्हा तेच, आणि मागे सायलेन्सरमध्ये धडाम. इंजिन चालू राहायला बघत होतं, पण अर्ध्याच जोरावर. दोन तास मी टायमिंगच्या खुणा तपासत होतो. त्या अचूक होत्या.

उस्ताद आले. त्यांनी कव्हर उघडायलाही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "प्लगच्या वायरी कुठल्या क्रमानं लावल्यास?"

जुन्या ३०२ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८. एचओचा क्रम १-३-७-२-६-५-४-८. मी वायरी जुन्याच क्रमानं लावल्या होत्या.

"शाफ्ट बसला रे," ते म्हणाले, "जुळलाय का, ते अजून बघायचंय."

हे दोन क्रम एकाखाली एक लिहून बघा. १, २, ६ आणि ८ जागेवरच आहेत. ५ आणि ३ नं जागा बदलल्या आहेत, ४ आणि ७ नं जागा बदलल्या आहेत. हे असं का, ते समजून घेतलं की कॅमशाफ्टचं अर्धं कोडं सुटतं. ५ आणि ३ चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, ४ आणि ७ चेही तसंच. पिस्टन हलवणाऱ्या क्रँकच्या दृष्टीनं दोघांत काही फरक नाही. त्या क्षणी कुठल्या सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण आहे आणि कुठल्यात एक्झॉस्ट संपून इनटेक उघडू लागलाय, हे फक्त कॅमशाफ्ट ठरवतो. म्हणून क्रँक तोच ठेवून शाफ्ट बदलला की क्रम बदलू शकतो. माझ्या इंजिनात चार सिलिंडर बरोबर पेटत होते. उरलेल्या चारांना ठिणगी ३६० अंश चुकीच्या वेळी, दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना मिळत होती. ज्वाळ इनटेकमधून मागे येत होती आणि न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन फुटत होतं. चार वायरींची अदलाबदल केली आणि इंजिन चालू झालं.

शेवरलेच्या पिढ्यांतही अगदी हाच बदल झाला. जुन्या स्मॉल ब्लॉकचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, १९९७ च्या नव्या एलएस१ इंजिनापासून तो १-८-७-२-६-५-४-३. इथेही ४ आणि ७, ३ आणि २ यांचीच अदलाबदल. त्या दोघांचे शाफ्ट एकमेकांत बसतच नाहीत, एलएसची जर्नल ५५ मिलिमीटरची आहेत आणि जुनी बरीच बारीक. पण जुन्या स्मॉल ब्लॉकसाठी बाहेरून बनवलेले ४-७ बदलाचे शाफ्ट मिळतात, आणि तसा एखादा शाफ्ट कुणी न सांगता तुमच्या हाती आला तर माझ्यासारखेच दोन तास जातील. शाफ्ट कुठल्याही इंजिनातून आलेला असो, त्याचा फायरिंग ऑर्डर आधी कागदावर लिहा. इंजेक्शन सिलिंडरच्या क्रमानं होत असेल तर तिथली जोडणीही त्याच कागदावरून करायची.

नाकापासून शेपटीपर्यंत

शाफ्ट हातात घ्यायचा, जुना शेजारी ठेवायचा, आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत त्याला कोण कोण स्पर्श करतं ते वहीत लिहायचं. मी आजही हे लिहितोच. पुढे स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मग थ्रस्ट प्लेट, मग जर्नल, लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे), ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर, सेन्सरची चकती. जो स्पर्श दोन्ही शाफ्टमध्ये सारखा नाही, तिथे काम आहे.

स्प्रॉकेटच्या जागी बोल्टचं वर्तुळ आणि डोअल पिन (जागा पक्की करणारी खुंटी) बघा. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ पासून कारखान्यातून रोलर टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे, आधी तळाला सपाट, आता चाकाचे) येऊ लागले, तेव्हा शाफ्टच्या नाकाला पायरी दिली गेली, कारण तिथे शाफ्ट धरून ठेवणारी प्लेट बसते. बोल्टचं वर्तुळ लहान झालं, म्हणून जुना स्प्रॉकेट त्यावर बसत नाही. त्याआधीच्या ब्लॉकला प्लेटचे बोल्ट लावायला जागाच नाही, कारण तिची गरजच नव्हती. सपाट टॅपेटच्या शाफ्टचे लोब अगदी किंचित तिरके घासलेले असतात. त्या उतारामुळे टॅपेट फिरतो आणि शाफ्ट सतत मागे ढकलला जातो. रोलरचे लोब सपाट असतात, त्यामुळे मागे ढकलणारं काहीच उरत नाही आणि शाफ्ट पुढंमागं चालू लागतो. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दात तिरके असल्यानं शाफ्ट पुढंमागं झाला की ठिणगीची वेळही हलते. टायमिंग लाइटखाली खूण नाचताना दिसते. जुन्या ब्लॉकमध्ये रोलर शाफ्ट घालणार असाल तर स्प्रॉकेट आणि टायमिंग कव्हर यांच्यामध्ये बटण बसवायलाच हवं, आणि ते टेकतं त्या ठिकाणी पत्र्याचं कव्हर वाकत नाही ना, तेही बघायला हवं.

पेट्रोल पंप यांत्रिक असेल तर त्याला हलवणारा एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली चकती) शाफ्टच्या पुढच्या टोकावर असतो. फोर्डमध्ये तो स्प्रॉकेटच्या पुढे बोल्टनं लागतो. इंजेक्शनच्या गाडीतून आलेल्या शाफ्टबरोबर तो येणारच नाही, म्हणून जुन्याचा जपून ठेवा आणि डोअल पिन त्याच्यातून आरपार जाण्याइतकी लांब आहे का ते बघा.

जर्नल मायक्रोमीटरनं मोजा, पाचही. जुन्या छोट्या फोर्डमध्ये पुढून मागे जाताना प्रत्येक जर्नल आधीच्यापेक्षा ०.०१५ इंचानं लहान असतं, म्हणजे बेअरिंगही पाच वेगवेगळ्या मापांची. नवी बेअरिंग ठोकताना क्रम चुकला तर शाफ्ट अर्ध्यातच अडतो. तेलाचं भोक ब्लॉकमधल्या भोकासमोर आलंय ना, हे तारेनं चाचपून बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तिथे उजेड पोचत नाही.

आता डिस्ट्रिब्युटरचा गिअर. हा माझा दुसरा धडा, आणि पहिल्यापेक्षा महाग. वायरी बदलून इंजिन छान चालू झाल्यावर मी खूश होतो. काही महिन्यांनी ठिणगीची वेळ मागे सरकू लागली. मी डिस्ट्रिब्युटर फिरवून ती जागेवर आणायचो, ती पुन्हा सरकायची. शेवटी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. गिअरचे दात सुरीच्या पात्यासारखे झाले होते आणि तेलात बारीक लोखंडी भुकटी होती. जुना सपाट टॅपेटचा शाफ्ट ओतीव लोखंडाचा, त्याच्याबरोबर ओतीव लोखंडाचा गिअर चालतो. ५.० एचओचा रोलर शाफ्ट पोलादी आहे, त्याला पोलादी गिअरच हवा. मी डिस्ट्रिब्युटर जुनाच ठेवला होता. शाफ्ट कशाचा आहे ते विकणाऱ्याला विचारा आणि गिअर त्याच्या जोडीचा लावा. पितळी रंगाचा ब्राँझचा गिअर चालतो, पण तो लवकर झिजतो, त्याच्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गिअरच्या जागी सेन्सर असतो, आणि तिथे झीज होत नाही, इंजिन सरळ गप्पच बसतं. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे पहिल्या एलएसमध्ये, कॅमचा सेन्सर ब्लॉकच्या मागच्या टोकाला आहे, चौथ्या पिढीत तो पुढच्या कव्हरमध्ये आला. क्रँकवरची चकती तिसऱ्या पिढीत २४ खाचांची, चौथीत बहुतांशी ५८ ची. काही शाफ्टना पुढे तीन बोल्ट, काहींना एकच, आणि त्यांतल्या अनेकांवर टायमिंग बदलणारा फेझर बसतो. शाफ्ट आणि जर्नल जुळतील, तरी कॉम्प्युटरला आपण कुठल्या फेऱ्यात आहोत ते कळणार नाही. सिलिंडर बंद करण्याची सोय असलेल्या इंजिनांत १, ४, ६ आणि ७ चे टॅपेट वेगळे आणि त्यांचे लोबही वेगळे. अशा इंजिनात साधा शाफ्ट घालायचा तर ते टॅपेट, त्यांचे ट्रे आणि मधलं कव्हर बदलावं लागतं, शिवाय कॉम्प्युटरमधून ती सोय बंद करावी लागते. २०१४ च्या एलटी१ पासूनच्या पाचव्या पिढीत तर शाफ्टच्या मागच्या टोकाला तीन टेकाडांचा जास्तीचा लोब आहे, थेट इंजेक्शनचा उच्च दाबाचा पंप त्यावर चालतो. आधीच्या पिढीचा शाफ्ट तिथे चालायचा प्रश्नच येत नाही.

टॅपेट

इथे घाई केली की नवा शाफ्ट पहिल्या अर्ध्या तासात खलास होतो.

सपाट टॅपेट आणि लोब यांचं नातं लग्नासारखं आहे, एकदा एकत्र घासले की जोडी मोडायची नाही. वापरलेला सपाट टॅपेटचा शाफ्ट घ्यायचा असेल तर टॅपेट त्याच्याबरोबरच, आणि कुठला कुठल्या लोबवरचा ते चिठ्ठी लावून. क्रम हरवला असेल तर तो शाफ्ट मी घेत नाही, कितीही चकचकीत दिसला तरी. नव्या शाफ्टला नवेच टॅपेट. रोलरचं तसं नाही. रोलरवर खड्डे नसतील आणि सुई-बेअरिंगमध्ये खेळ नसेल तर वापरलेला टॅपेट दुसऱ्या लोबवर चालतो.

१९८५ च्या आधीच्या फोर्ड ब्लॉकमध्ये रोलर टॅपेट घालायचे तर अडचण वेगळी. रोलर टॅपेट स्वतःभोवती फिरता कामा नये, नाहीतर चाक आडवं होऊन लोब खरवडून काढेल. नव्या ब्लॉकमध्ये त्यांना धरणाऱ्या पट्ट्या आणि वरून दाबणारा कोळ्याच्या आकाराचा पत्रा असतो. जुन्या ब्लॉकमध्ये त्यासाठी जागाच ओतलेली नाही. मी दोन-दोन टॅपेट एका जोडपट्टीनं बांधलेले घेतले. दुसरा मार्ग म्हणजे लोबचं मूळ वर्तुळ लहान घासलेला शाफ्ट.

दोन्ही मार्गांत पुशरॉडची (टॅपेटची हालचाल रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेपर्यंत, नेणाऱ्या दांडीची) लांबी बदलते. रोलर टॅपेट उंच असतो, त्यामुळे कारखान्याचे रोलरवाले पुशरॉड जुन्यांपेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त आखूड आहेत. पण तक्त्यातली लांबी मागवू नका. लांबी कमीजास्त करता येणारा एक पुशरॉड घ्या, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाला मार्करनं रंगवा, इंजिन हातानं दोन फेरे फिरवा आणि रॉकरनं कुठे पुसलंय ते बघा. पट्टा अरुंद आणि मध्यावर हवा. तो येईपर्यंत लांबी बदलत राहा, आणि मग त्या मापाचे पुशरॉड मागवा.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं गॅप आपोआप भरणारे) आणि घट्ट (गॅप ठेवावी लागणारे) टॅपेट यांचे शाफ्ट अदलाबदल करू नका. घट्ट टॅपेटच्या लोबवर उघडण्याआधी एक हलका उतार असतो, ठेवलेली गॅप तो हळूच भरून काढतो. हायड्रॉलिकच्या लोबवर तो उतार जवळजवळ नसतो, तिथे गॅप ठेवली की प्रत्येक फेऱ्याला हातोडी बसते.

हेडवरचे शाफ्ट

डबल ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात काम सोपं दिसतं, कारण शाफ्ट वरून उचलता येतो. होंडाच्या बी मालिकेत टाइप आरचे शाफ्ट बी१६ए च्या हेडमध्ये थेट बसतात, आणि मला माहीत असलेल्या अदलाबदलींत ही सगळ्यात समाधानाची. पण स्प्रिंगही टाइप आरच्या दुहेरी घ्या, कारण त्या शाफ्टला लिफ्ट जास्त आणि फेरेही जास्त. व्हीटेक (जास्त फेऱ्यांना वेगळा लोब वापरणारी होंडाची यंत्रणा) नसलेल्या बी१८बी चा शाफ्ट मात्र तिथे निरुपयोगी आहे, व्हीटेकला प्रत्येक जोडीत तिसरा, मधला लोब लागतो. टोयोटाच्या ४ए-जीई मध्येही नाव एकच आहे म्हणून फसू नका, १६ व्हॉल्व्हचा शाफ्ट २० व्हॉल्व्हच्या हेडमध्ये चालत नाही, तिथे एका सिलिंडरला तीन इनटेक आहेत.

शाफ्टवरच्या कॅप दुसऱ्या हेडवरून आणू नका. त्या हेडबरोबरच एका फेरीत बोअर केलेल्या असतात. त्या आपल्या जागी, आपल्या दिशेनं बसवा, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत जा. एका टोकाचा बोल्ट आधी पूर्ण आवळला तर शाफ्ट तुटू शकतो, स्प्रिंगचा जोर तेवढा असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात शाफ्ट बसवताना क्रँक टीडीसीपासून (पहिला पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून) ९० अंश फिरवून ठेवा, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर राहतात आणि उघडा व्हॉल्व्ह कुणावर आदळत नाही.

बादलीवाल्या टॅपेटमध्ये गॅप शिमनं (ठरावीक जाडीच्या चकतीनं) मिळवायची. नवी शिम म्हणजे जुनी शिम अधिक मोजलेली गॅप वजा हवी असलेली गॅप. समजा शिम २.५० मिलिमीटरची आहे, फिलर गेजवर गॅप ०.३२ आली आणि हवी ०.२०. मग शिम २.६२ ची. नव्या शाफ्टच्या मूळ वर्तुळाची त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरनं लहान असेल तर सगळ्याच शिमा अर्ध्या मिलिमीटरनं जाड लागतील, आणि तेवढ्या जाड शिमा त्या इंजिनासाठी मिळतात का ते शाफ्ट घेण्याआधी विचारा.

मोजमाप

लोबची उंची गुणिले रॉकरचं प्रमाण म्हणजे व्हॉल्व्हची लिफ्ट. ०.२७८ इंचाचा लोब फोर्डच्या १.६ रॉकरखाली सुमारे ०.४४५ देतो, १.७ चा रॉकर लावला तर सुमारे ०.४७३. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मिळून किमान ०.०६० इंच जागा उरली पाहिजे. स्प्रिंग धरणारा रिटेनर आणि व्हॉल्व्हचं सील यांच्यातही तेवढीच.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मी मातीनं बघतो. पिस्टनच्या खाचांत मऊ क्ले दाबायची, तिच्यावर तेलाचा हात, जुन्या गॅस्केटसह हेड बसवायचं, दोन फेरे हातानं. हेड काढून क्ले ब्लेडनं कापायची आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच, याहून कमी मी चालवत नाही. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते दबून खोटं अंतर दाखवतात, म्हणून तपासापुरत्या व्हॉल्व्हला अगदी हलक्या स्प्रिंग लावा. फिरवताना अडलं तर जोर लावू नका. अडणं हेच उत्तर आहे.

मग डिग्री व्हील, म्हणजे क्रँकवर लावायची अंशांची चकती. खुणा समोरासमोर आल्या म्हणजे टायमिंग मिळालं असं नाही, चेन, स्प्रॉकेट आणि शाफ्ट तीन वेगळ्या ठिकाणी बनलेले असतात. आधी खरा टीडीसी शोधा. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप लावा, क्रँक एका बाजूनं हलकेच टेकवा, आकडा लिहा, दुसऱ्या बाजूनं टेकवा. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ३४ आले तर काटा दोन अंशांनी सरकवा, दोन्हीकडे ३६ यायला हवेत. स्टॉप काढा. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज लावा आणि सर्वोच्च जागी शून्य करा. मग सर्वोच्चच्या ०.०५० इंच आधी आणि ०.०५० इंच नंतर व्हीलवरचे आकडे घ्या. ७४ आणि १४६ आले तर मध्य ११०. शाफ्टबरोबर आलेल्या कार्डवर १०८ लिहिलं असेल तर शाफ्ट दोन अंश मागे आहे, आणि अनेक चाव्यांच्या खाचा असलेल्या क्रँक स्प्रॉकेटनं तो पुढे घेता येतो. आकडा निसटला तर उलटं फिरवून थेट त्यावर थांबू नका. बरंच मागे जा आणि पुन्हा सुलट दिशेनं या, म्हणजे चेनची ढील फसवणार नाही. एक पूर्ण दात चुकला तर ४० दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर तो क्रँकचे १८ अंश होतात, ते आकड्यांत लगेच दिसतं.

पहिला स्टार्ट

सपाट टॅपेट असतील तर लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट, जर्नलवर साधं तेल, आणि इंजिनात झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं तेल. कार्बोरेटर भरलेला, ठिणगीची वेळ जागेवर, रेडिएटरमध्ये पाणी, सगळं आधी. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढता येत असेल तर ड्रिलला दांडा लावून ऑइल पंप फिरवा, प्रेशर आलेलं बघा. इंजिन लागलं की आयडलवर ठेवू नका. लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच कमीजास्त करत राहा, कारण लोबवर तेल क्रँकच्या उडणाऱ्या थेंबांतून येतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. मध्ये बंद करावं लागलं तर करा, पण पुन्हा सुरू करताना थेट तेवढ्याच फेऱ्यांवर. रोलर शाफ्टला ही वीस मिनिटं लागत नाहीत.

तेल आणि फिल्टर त्यानंतर लगेच बदला. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडा आणि चुंबक फिरवा. थोडी राखाडी पेस्ट चालते, चमकणारे कण चालत नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर रॉकर कव्हर उघडून सगळे व्हॉल्व्ह सारखे उचलतात का ते डायल गेजनं बघा. मग रोटरची जागा खुणेनं पक्की करून डिस्ट्रिब्युटर वर उचला आणि गिअरच्या दातांवर नख फिरवा. टोकं बोथट आणि घासल्याचा पट्टा मध्यावर असेल तर परत बसवा.